मिनिमलिस्ट शयनगृहाचे तोटे: राहणाऱ्यांनी आणि बांधणाऱ्यांनी लिहावे

पडछाया

शयनगृह नव्याने सजवायचे ठरले की हल्ली जी छायाचित्रे समोर येतात, ती बहुतेक एकाच घडणीची असतात. पांढऱ्या किंवा राखाडी भिंती, जमिनीलगतचा पलंग, मुठी नसलेले भिंतभर कपाट, खिडकीला पडदा नाही किंवा असलाच तर अगदी विरळ, आणि उरलेली सगळी जागा मोकळी. या मिनिमलिस्ट, म्हणजे कमीत कमी वस्तूंच्या, शैलीचे गुणगान उदंड झालेले आहे. तिचे तोटे मात्र कुठे एखाद्या शेऱ्यात, कुठे वैतागलेल्या प्रश्नात विखुरलेले सापडतात. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे चर्चेला धरायला काहीतरी राहील. खोलीतली प्रत्येक वस्तू दिसण्याखेरीज काही ना काही काम करत असते. वस्तू उचलून बाहेर नेली तरी ते काम खोलीतच राहते आणि बहुधा राहणाऱ्याच्या अंगावर येते. उशाशी असलेले छोटे टेबल काढले, तरी चष्मा, पाण्याचे भांडे, औषधाची गोळी आणि फोन रात्री कुठेतरी ठेवावेच लागतात. ते मग जमिनीवर जातात, पलंगाच्या कडेवर जातात, नाहीतर उशीखाली. पडदा काढला की पहाटेचा उजेड थोपवण्याचे काम डोळ्यांच्या पापण्यांवर येते. मला या शैलीचा राग नाही. वस्तू काढताना तिचे काम कोण करणार हे विचारले जात नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

ध्वनी, प्रकाश, सुतारकाम, वयस्कर माणसांची सोय, दोघांची मिळून एक खोली, यांपैकी ज्याला ज्याची माहिती असेल त्याने विस्ताराने लिहावे. 'आवड आपली आपली' एवढेच लिहायचे असेल तर ते सर्वांना आधीच मान्य आहे असे समजावे.

घुमारा

ध्वनीविषयी लिहितो, कारण छायाचित्रात न दिसणारा हा सर्वांत मोठा तोटा आहे.

रिकाम्या खोलीत आवाज किती वेळ घुमतो याचे गणित वॉलेस सेबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजत नव्हते, म्हणून ते काम त्याच्याकडे आले होते. त्याने दुसऱ्या सभागृहातल्या आसनांच्या गाद्या तिथे आणून ठेवल्या आणि जसजशा गाद्या वाढतील तसतसा घुमण्याचा काळ किती उतरतो हे मोजले. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे: खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला 0.161 ने गुणावे आणि खोलीतल्या एकूण ध्वनिशोषणाने (प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा जेवढा हिस्सा शोषतो तो, या सगळ्यांची बेरीज) भागावे. उत्तर सेकंदांत येते.

साडेतीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली धरू. घनफळ 31.5 घनमीटर, आणि भिंती, छत व जमीन मिळून पृष्ठभाग 60 चौरस मीटर. रंगवलेला गिलावा आणि गुळगुळीत फरशी आवाजाचे शंभरातले जेमतेम तीन भाग शोषतात, बाकीचे परत फेकतात. या हिशोबाने पूर्ण रिकाम्या खोलीत आवाज 2.8 सेकंद घुमेल. गादी आणि पांघरुणे आली की तो 1.3 सेकंदांच्या आसपास उतरतो, चुण्या असलेला जाड पडदा लावला की 0.9 च्या खाली येतो, आणि एक बऱ्यापैकी सतरंजी अंथरली की 0.7 च्या घरात. निवांत बोलण्याला अर्ध्या सेकंदाच्या जवळपासचा काळ कानाला बरा वाटतो. लहान खोलीत हे सूत्र ढोबळच चालते. तरी पडदा आणि सतरंजी काढून घेतल्याने काय होते, हे त्यातून कळायला हरकत नाही.

समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती असतील तर आणखी एक प्रकार घडतो. खोलीच्या मधोमध उभे राहून एकदाच टाळी वाजवावी. टाळीच्या मागोमाग 'टर्रर्र' असा बारीक थरथरता आवाज आला, तर तो आवाज दोन भिंतींमध्ये चेंडूसारखा आपटत आहे असे समजावे. पुस्तकांनी भरलेले कपाट अशा वेळी चांगले काम करते, कारण त्याच्या खालीवर, आतबाहेर असलेल्या कडा आवाज विखरून टाकतात. नेमके तेच कपाट या शैलीत सर्वांत आधी हद्दपार होते.

एक खुलासा करतो, कारण यात लोकांची गल्लत होते. पडदा आणि सतरंजी खोलीत निर्माण झालेला आवाज शोषतात. बाहेरच्या रहदारीचा आवाज त्यांनी फारसा अडत नाही. त्यासाठी खिडकीच्या फटी आणि काच यांकडे पाहावे लागते.

ओळंबा

मी घरांच्या अंतर्गत कामाच्या व्यवसायात आहे, म्हणून खर्चाबद्दल आणि कारागिरीबद्दल लिहितो. 'सामान कमी म्हणजे खर्च कमी' हा समज ग्राहकांच्या मनात पक्का बसलेला असतो आणि पहिले अंदाजपत्रक हाती पडेपर्यंत तो जात नाही.

घरातल्या पट्ट्या पाहा. भिंत आणि फरशी मिळते तिथे स्कर्टिंग, दाराची चौकट आणि गिलावा मिळतो तिथे पट्टी, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये बीडिंग. या सगळ्या पट्ट्या शोभेच्या वाटतात, पण त्यांचे खरे काम सांधे झाकण्याचे आहे. कोणतीही भिंत पूर्ण ओळंब्यात नसते आणि कोणताही कोपरा पूर्ण गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतो. फरशी कापताना कड थोडी कमीजास्त होते, लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. हे सगळे पट्टीच्या आड निभावून जाते. पट्टी काढली की भिंत आणि फरशी यांची भेट उघड्यावर होते आणि तिथे तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा नजरेत भरतो. त्यामुळे गिलावा नव्याने सरळ करावा लागतो, फरशीवाल्याला एकेक तुकडा जुळवून बसवावा लागतो, आणि रंगाऱ्याला लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, हात वाढवावे लागतात. वाचलेल्या पट्टीच्या कितीतरी पट पैसे मजुरीत जातात. एवढे करूनही चौकटीच्या कडेने वर्षभरात केसासारखी चीर येते, कारण लाकूड हलते आणि गिलावा हलत नाही. पट्टी असती तर ती चीर तिच्याखाली राहिली असती.

स्कर्टिंग नसले की आणखी एक गोष्ट होते. फरशी पुसताना ओले फडके भिंतीला लागते आणि खालच्या बोटभर रुंदीवर राखाडी रेघ उमटू लागते. या शैलीत भिंतींना बहुधा चकाकी नसलेला मॅट रंग देतात. मॅट रंगावरचा डाग घासला की डाग निघतो, पण घासलेली जागा चमकू लागते. तेवढ्याच जागी रंगाचा हात फिरवला तर तोही वेगळा दिसतो. शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवावी लागते.

आता मुठी नसलेली कपाटे. त्यांत मुख्य प्रकार दोन: दार दाबले की उघडणारे, आणि दाराच्या कडेला बोटे घालण्यासाठी खाच असलेले. पहिल्या प्रकारात दार आत दाबले जाण्यासाठी दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवावी लागते, त्यामुळे दार कधीच घट्ट बसत नाही आणि आत धूळ जाते. कोणी पाठ टेकली तरी ते उघडते. रोज त्याच जागी दाबल्यामुळे बोटांचे ठसे उमटतात, आणि गडद रंगाच्या गुळगुळीत लॅमिनेटवर ते सकाळच्या तिरप्या उजेडात मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. छतापर्यंतच्या अखंड दाराचा प्रश्न वेगळाच आहे. अडीच मीटरच्या आसपास उंचीचे दार वाकण्याची शक्यता मोठी असते. त्याला चार-पाच बिजागऱ्या आणि आतून सरळ ठेवणारी धातूची पट्टी लागते. दोन दारांमधली फट वरून खालपर्यंत सारखी राखणे हे एकदाचे काम नसते, बिजागऱ्या अधूनमधून कसाव्या लागतात. मूठ ही अगदी साधी वस्तू आहे, पण ती काढल्यावर तिच्या जागी किती यंत्रणा येते ते यावरून पाहावे.

आणि कृपा करून सपाट भिंतीवर कडेने उजेड सोडणारे छुपे दिवे लावू नका. भिंतीला घासून जाणारा प्रकाश गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा सावलीसह दाखवतो. दिवसा आरशासारखी सपाट वाटणारी भिंत रात्री लाटांसारखी दिसू लागते आणि मग सगळे रंगाऱ्यावर चिडतात.

मोकळीक

धाग्याचा सूर फारच एकतर्फी होत आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. वर लिहिलेले बरेचसे तोटे शैलीचे नसून अर्धवट केलेल्या कामाचे आहेत.

ज्यांना धुळीची ॲलर्जी किंवा दमा आहे, त्यांच्यासाठी कमी सामानाची खोली ही गरज असते. धुळीतले सूक्ष्म कीटक गादी, गालिचा, जाड पडदे, मऊ खेळणी यांत राहतात. जितके कापड कमी तितकी त्यांना जागा कमी, आणि जितकी जमीन मोकळी तितके पुसणे सोपे. 'घुमारा' यांनी सतरंजी आणि जाड पडद्याची शिफारस केली आहे, ती अशा माणसाच्या मुळावर येऊ शकते. आमच्या घरी यावर तोडगा म्हणून धुता येणारे सुती पडदे आणि सतरंजीऐवजी कापडी पाट्या लावलेली एक भिंत केली आहे. चादरी, अभ्रे आणि पडदे 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतले की कीटक मरतात.

शिवाय पारंपरिक जपानी घरातली झोपायची खोली दिवसा जवळजवळ पूर्ण रिकामी असते आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे सुखाने झोपली आहेत. मग रिकामेपणात दोष आहे असे कसे म्हणता येईल?

पडछाया

मोकळीक, ॲलर्जीचा मुद्दा पूर्ण मान्य. त्या बाबतीत माझ्याकडे प्रत्युत्तर नाही.

जपानी खोलीचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूने बोलते असे मला वाटते. त्या खोलीला 'ओशीइरे' नावाचे भिंतीतले कपाट असते. ते साधारण 1.8 मीटर रुंद आणि 90 सेंटिमीटर खोल असते, मध्ये एक भक्कम फळी आणि समोर सरकती दारे. सकाळी उठल्यावर अंथरूण घडी करून त्यात जाते. आपली कपड्यांची कपाटे साधारण 60 सेंटिमीटर खोल असतात. म्हणजे त्या रिकाम्या दिसणाऱ्या खोलीच्या पाठीशी आपल्यापेक्षा दीडपट खोल कोठार उभे आहे, आणि अंथरूण रोज उचलण्याची शिस्तही. छायाचित्रावरून खोली उतरवणारा कोठारही घेत नाही आणि शिस्तही घेत नाही, फक्त मोकळी जमीन घेतो.

स्थापत्याच्या इतिहासातले एक उदाहरण इथे द्यावेसे वाटते. मीस व्हॅन डर रोह या स्थपतीने एडिथ फार्न्सवर्थ या डॉक्टर बाईंसाठी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात बांधलेले काचेचे घर 1951 साली पूर्ण झाले. आधुनिक स्थापत्यात त्याला फार मोठे स्थान आहे. राहणाऱ्या बाईंनी मात्र उन्हाळ्यातल्या उकाड्याबद्दल, चहूबाजूंनी उघडे पडल्यासारखे वाटण्याबद्दल आणि सामान ठेवायला जागा नसल्याबद्दल उघडपणे तक्रारी केल्या. मालकीण आणि स्थपती यांच्यातला खर्चाचा वाद तर न्यायालयात गेला. कपड्यांचे कपाट आणि ओसरीला डासांच्या जाळ्या या दोन्ही गोष्टी मुख्य रचनेनंतर आल्या. इतक्या नामांकित स्थपतीच्या हातूनही कपडे कुठे ठेवायचे हा प्रश्न मागे राहत असेल, तर आपल्यासारख्यांनी तो कागदावर पहिल्या ओळीत लिहावा.

कपड्यांबद्दलच सांगतो. धुतलेल्या कपड्यांना कपाट आहे, मळलेल्यांना टोपली आहे. पण एकदा घातलेली, अजून धुवायला न टाकण्याजोगी विजार कुठे जाते? ती कपाटात गेली तर स्वच्छ कपड्यांना वास लागतो, टोपलीत गेली तर उगाच धुतली जाते. म्हणून ती खुर्चीवर पडते. खुर्ची काढून टाकली तर ती पलंगाच्या पायथ्याशी पडते, आणि सहाच वस्तू असलेल्या खोलीत पायथ्याशी पडलेली एक विजार भरल्या खोलीतल्या ढिगापेक्षा जास्त डोळ्यांवर येते. ही शैली पसारा कमी करते हे खरे आहे, पण पसाऱ्याबद्दलची आपली सहनशक्ती त्याहून जास्त कमी करते. भिंतीवर दाराआड चार खुंट्या ठोकल्या असत्या तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

सांजदिवा

माझ्या सासूबाई आमच्याकडे राहतात, म्हणून मी वयस्कर माणसाच्या बाजूने लिहिते.

या शैलीतला पलंग गादीसकट जमिनीपासून फार तर 30 सेंटिमीटर उंच असतो. माणूस कडेवर बसला की गुडघे कमरेच्या वर जातात आणि उठताना सगळा भार मांड्यांवर आणि गुडघ्यांवर येतो. वयस्कर माणसाला पलंगाची कड गुडघ्याच्या पातळीला, म्हणजे साधारण 45 ते 50 सेंटिमीटरवर लागते. बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि मांड्या आडव्या राहिल्या पाहिजेत. अनेक नमुन्यांत पलंगाचा ओटा गादीच्या बाहेर वीतभर पसरलेला असतो. दिसायला तो छानच दिसतो. पण अंधारात स्नानगृहाकडून परतणाऱ्या माणसाची नडगी नेमकी त्या कडेला आदळते, कारण पायाला अपेक्षा गादीची असते आणि लाकूड तिच्या आधी येते.

दुसरी गोष्ट रंगांच्या फरकाची. पांढरी भिंत, पांढरे दार, पांढरा स्विचबोर्ड आणि फिक्या रंगाची फरशी असेल, तर मोतीबिंदू असलेल्या माणसाला भिंत कुठे संपली आणि दार कुठे सुरू झाले हे कळत नाही. अपंग आणि वृद्ध व्यक्तींच्या सोयीसाठी असलेल्या ब्रिटिश मानकात लगतच्या पृष्ठभागांच्या प्रकाश परावर्तनाच्या मूल्यांत 30 अंकांचा फरक असावा, अशी शिफारस आहे. पूर्ण काळ्याचे मूल्य शून्य आणि पूर्ण पांढऱ्याचे शंभर धरतात. एकाच पांढऱ्याच्या चार छटा लावलेल्या खोलीत हा फरक दहाच्याही आत राहतो. आम्ही दाराची कड आणि स्विचबोर्डाची चौकट गडद करून घेतली. त्यामुळे खोलीची शैली बिघडली असे एका पाहुण्यांनी बोलून दाखवले. सासूबाईंनी मात्र रात्रीचे चाचपडणे सोडले आहे.

उशाचा दिवा काढून सगळा उजेड छतातून देण्याची पद्धतही मला त्रासाची वाटते. आडव्या पडलेल्या माणसाच्या थेट डोळ्यांत तो उजेड जातो, आणि पांढऱ्या भिंती तो चहूकडून परत फेकतात. झोपेच्या वेळी निळसर पांढरा प्रकाश नकोच. डोळ्यांतली जी यंत्रणा शरीराला दिवस असल्याचे सांगते, ती निळ्या प्रकाशालाच सर्वांत जास्त प्रतिसाद देते. त्यामुळे 2700 केल्विनच्या आसपासचा पिवळसर, खालून किंवा बाजूने येणारा आणि हाताच्या अंतरावर बंद करता येणारा दिवा हवा.

दोन_उशा

वरचे सगळे वाचले. माझा मुद्दा छोटा आहे आणि त्याला आकडे नाहीत.

शयनगृह बहुधा दोघांचे असते आणि ही शैली बहुधा एकाला आवडलेली असते. वस्तू कमी करायच्या म्हटल्यावर कोणाच्या कमी होणार हे ठरवावे लागते, आणि ज्याला शैली आवडली आहे तोच न्यायाधीश होतो. माझी वाचायला घेतलेली पुस्तके पसारा ठरली आणि यजमानांनी विकत आणलेली मोठी रिकामी मातीची सुरई मात्र रचनेचा भाग ठरली. भांडण झाले नाही, पण खोलीत माझे असे काही उरले नाही हे ध्यानात यायला वेळ लागला. पाहुण्यासारखे वाटते, एवढेच म्हणेन. नंतर आम्ही प्रत्येकाला उशाशी एक बंद खण आणि एक उघडी फळी असे वाटून घेतले, आणि दुसऱ्याच्या फळीबद्दल बोलायचे नाही असे ठरवले.

नवखा_घरमालक

मी हे सगळे वाचून थोडा धास्तावलो आहे, कारण आमचे काम पुढच्या महिन्यात सुरू होत आहे. 'ओळंबा' यांना दोन प्रश्न विचारतो. एक, पलंगच न करता गादी थेट जमिनीवर ठेवली तर काय बिघडते? दोन, खर्च मर्यादित असेल तर साधी मोकळी खोली कशी साधावी, म्हणजे कुठे पैसे घालावेत आणि कुठे हात आखडावा?

ओळंबा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: ओल. झोपेत अंगातून घाम आणि बाष्प निघते, ते गादीत उतरते आणि खाली थंड फरशी लागली की तिथे साचते. हवा खेळायला जागा नसेल तर काही आठवड्यांत गादीच्या खालच्या बाजूला काळे ठिपके दिसू लागतात आणि कुबट वास येतो. गादी जमिनीवरच हवी असेल तर रोज सकाळी भिंतीला उभी करून ठेवावी. ते होणार नसेल तर फळ्यांचा जाळीदार सांगाडा करून घ्यावा. फळ्यांमध्ये सहा-सात सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नये, नाहीतर फोमची गादी त्यात बसते. सांगाडा उंच करणार असाल तर त्याखाली झाडू आणि हात सहज जाईल इतकी जागा तरी असावी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल. मुठी लावा, कपाटाच्याच रंगात रंगवलेली साधी पातळ मूठ दुरून दिसत नाही आणि दाराच्या सगळ्या कटकटी वाचवते. भिंतींना मॅट रंगाऐवजी किंचित चमक असलेला, पुसता येणारा रंग घ्या. वाचलेले पैसे विजेच्या कामात घाला. पलंगाच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून सुमारे 70 सेंटिमीटरवर प्लग, उशाशी दिव्याचे बटण, आणि दाराजवळचा मुख्य दिवा पलंगावरूनही बंद होईल अशी दुहेरी जोडणी, एवढे गिलाव्याच्या आधी करून घेतले नाही तर पुढे उघड्या वायरी भिंतीवरून फिरतात आणि मोकळ्या खोलीत त्या फारच वाईट दिसतात. पलंगाची जागा आधी ठरवा, मग प्लग. उलटे केले की प्लग पलंगाच्या पाठीमागे अडकतात.

स्कर्टिंग काढू नका. भिंतीच्याच रंगाचे, सात-आठ सेंटिमीटर उंचीचे, सपाट स्कर्टिंग लावले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ते भिंतीच्या पातळीत बसवायचे असेल तर मात्र फरशी आणि गिलावा दोन्ही सुरू होण्यापूर्वी सांगा, कारण त्यासाठी गिलावा खालून तेवढी उंची सोडून थांबवावा लागतो. नंतर सांगितलेत तर भिंत फोडावी लागेल, आणि त्याचे बिल माझ्यासारख्या कंत्राटदाराकडून वेगळे येईल.